वजीरसाहेबांचं ऑपरेशन

हर्सूलला आमच्या शेजारी राहणारे गायकेमामा तहसीलदारालाही ‘अरे बाबा’ म्हणतात. अहो-जाहो फक्त आपल्या कुत्र्याला. “वजीरसाहेब, उठा. दूध निवतंय.” मामी गेल्यापासून घरात हे दोघंच.

वजीरसाहेब मात्र रंगेल. कुठं मादीचा वास आला की कंपाउंडवरून उडी मारायचे आणि तीन-तीन दिवस गायब. परतायचे ते फाटका कान घेऊन, अन् आल्या आल्या माझ्या स्कूटरच्या चाकावर पाय वर करायचे. एकदा टेम्पोखाली येता येता वाचले, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मामा, नसबंदी करून टाका.”

मामांनी आठ दिवस सगळ्या गल्लीचा सल्ला घेतला. समोरचे रफिकभाई टेलर म्हणाले, “कर डालो मामा, जान तो बचेगी.”

“अरे, पण त्यांच्या इज्जतीचा सवाल हाय.”

शेवटी ऑपरेशन झालं. जखम चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं बसवलं. साहेब त्यातून बघायला लागले की मामा नजर चुकवायचे.

मग रोज सकाळी मला अहवाल. “आज बी उडी मारली. काय फरक नाय.” डॉक्टरीणबाईंनी समजावलं, रक्तातला जोर उतरायला महिना-दीड महिना जातो.

उतरला. उड्या थांबल्या, माझं चाक कोरडं राहू लागलं. भूक वाढली, पोट सुटलं. आता मामांना नवी धास्ती: साहेब राखण करायचं विसरले तर? एका दुपारी हेल्मेट अन् रेनकोट घालून मामा स्वतःच्याच भिंतीवर चढले. साहेबांनी त्यांची पँट मांडीपर्यंत फाडली.

“लई जोर हाय अजून,” मामा गल्लीभर सांगत फिरले, तसल्याच पँटीत.

संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. म्हटलं, “बरं केलंत मामा. जीव वाचला त्याचा.”

“जिवाचं मी लोकांना सांगितलं रे. खरं म्हंजे, साहेब बाहेर गेले की घरात आवाजच नसायचा. मी चूल बी पेटवत नव्हतो. माझ्यासाठी केलं मी ते.”

वजीरसाहेब त्यांच्या मांडीवर डोकं टेकून झोपले होते. मामांना तहान लागली होती, पण ते उठेनात.

“तेवढा तांब्या दे रे इकडं,” ते हळू आवाजात म्हणाले.