खंडेनवमीला सर्जाची बॅटरी

यंत्राच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये! चाकणच्या कंपनीत वीस वर्षं मेंटेनन्सला आहे. बंद पडलेलं मशिन माझ्या बुटांचा आवाज ऐकूनच चालू होतं, असं तिकडे बोलतात. म्हणजे मीच बोलतो, पण अजून कोणी खोडून काढलेलं नाही.

तर आमच्या चऱ्होलीच्या सोसायटीत लॉन कापायचा रोबो आला, महिनाभर वापरून बघायला. बसायच्या पाटाएवढा. धरायला नको, ढकलायला नको. आपला आपण निघतो, गवत कापतो आणि दमला की स्वतःच चार्जरला जाऊन बसतो! पहिल्या दिवशी मी त्याच्यासमोर आ वासून उभा राहिलो होतो. एवढी यंत्रं हाताखालून गेली, पण दमल्यावर स्वतःहून घरी जाणारं पहिलंच! आक्काबाईंनी त्याचं नाव ठेवलं सर्जा. सोसायटी ज्या शेतावर उभी आहे ते मूळ आक्काबाईंचं. त्यामुळे गवतावर काय फिरावं, कधी फिरावं, यात शेवटचा शब्द त्यांचाच असतो.

सर्जाला खोड एकच. अडकला तरी हार मानायचा नाही. एकदा घसरगुंडीखाली अडकला आणि धडपडत राहिला, बॅटरी पार शून्यावर! ही बॅटरी एकदा पूर्ण रिकामी झाली की मेलीच, पुन्हा चार्ज घेत नाही. देणाऱ्यांनी नवीन बसवून दिली, पण आमचे चेअरमन नानासाहेब मीटिंगमध्ये कडाडले, "पुन्हा असं झालं तर यंत्र परत!"

मी ताडकन उभा राहिलो. "यंत्र कुठेही जाणार नाही! बॅटरी माझ्यावर सोडा!"

आणि काम केलंही चोख. अशी सोय केली की सर्जा अडकला की जरासा धडपडणार, मग मुकाट झोपणार आणि मला मोबाइलवर कळवणार. सोडवणाऱ्याने त्याच्या पाठीवर नुसता हात ठेवायचा, की हा जागा! मोबाइलवरून बंद करायची सोय मात्र काढून टाकली. उगाच कुणी खेळ करायला नको.

खंडेनवमी उजाडली. कंपनीतली झाडून सगळी मशिनं मी बंद केली आणि मोठ्या प्रेसला हार घालतोय, तोच मोबाइल वाजला. 'सर्जा अडकला.' म्हटलं, झोपेल. झोपला. लगेच 'सर्जा जागा झाला.' लगेच 'सर्जा अडकला.' झोपला, जागा झाला, अडकला! बॅटरी निम्म्यावर आलेली.

घरी फोन लावला. "कुसुम, सर्जाचं काय चाललंय?"

"काही नाही हो. तुम्ही त्याची आजची वेळ बंद करायला विसरलात. निघाला की गवत कापायला! खंडेनवमीला हत्याराला विसावा नको? आक्काबाईंनी चारी बाजूंनी विटा लावून थांबवलाय."

मी कपाळावर हात मारला. अख्खी कंपनी बंद केली आणि घरच्या सर्जाला विसरलो!

"मग त्याला जागं कोण करतंय?"

"कोणी नाही. सगळे नुसता नमस्कार करतायत."

"नमस्कार कसा?"

"कसा म्हणजे? हात लावून कपाळाला! तुम्ही काय मशिनला लांबून रामराम करता?"

एक नमस्कार, की सर्जा जागा. विटेला धडक, धडपड, झोप. तोवर पुढचा नमस्कार!

"अगं, थांबव त्यांना! बॅटरी मरेल!"

"रांग गेटपर्यंत गेलीये! प्रत्येक नमस्काराला तो पीं पीं करून थरथरतो. लोक म्हणतायत, पावतोय!"

"मग पोटाखालचं मोठं बटण बंद कर. उलटा कर त्याला!"

"पूजेतल्या यंत्राला उलटं करू? आक्का मलाच उलटं करतील!"

"दे आक्कांना फोन!"

"काय रं दौलत?"

"आक्का, विटा काढा! तो आपला चार्जरला जाईल. नाहीतर त्याचा जीव जाईल हो!"

"नमस्कारानं कुणाचा जीव जातो व्हय? आज कामाला न्हाई सोडायचा. आन काय सांगू तुला, हात लावला की अंग कसं थरारतंय! असं जित्राब म्या उभ्या जन्मात न्हाई पाह्यलं!"

साहेबांना "घरी सिरीयस आहे" सांगून सुटलो. मोशीला ट्रॅफिक. समोरच्या ट्रकला हार, रिक्षाला हार, माझ्या तोंडचं पाणी पळालेलं. बॅटरी खाली, खाली, खाली!

पोचलो आणि जागच्या जागी थबकलो. सर्जा झेंडूत बुडालेला, फक्त दिवा दिसतोय. रांगेत खुद्द नानासाहेब! त्यांनी हात लावला. सर्जा दचकून उठला, चाकं गरगरली आणि त्याने विटेला धडक दिली. ती वीट जागेवरून वीतभर सरकलेली होती! सकाळपासून तीच वीट, तीच धडक, अंगात जीव नाही, तरी माघार नाही. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. माणसाने काय जिद्द धरावी!

"बाजूला व्हा! कोणी हात लावू नका!" मी ओरडलो. गर्दी मागे हटली. सर्जा झोपला. मोबाइल बघितला. बॅटरी एक टक्का. जिवंत होता! वाचवला!

मी गुडघ्यांवर बसलो. आता फक्त अलगद कडेने धरायचं, उलटा करायचा, पोटाखालचं बटण बंद करायचं. पण त्याच्याकडे बघून मला भरूनच आलं. "वा रे पठ्ठ्या!" मी म्हणालो. आणि हाताला वीस वर्षांची सवय! कळायच्या आत उजवा हात त्याच्या पाठीवर टेकला आणि कपाळाला गेला.

सर्जा जागा झाला. अर्धवट पीं म्हणाला, विटेला एक शेवटची धडक दिली आणि दिवा विझला.

मग आक्काबाई पुढे झाल्या.

"आत्ता कसं! सकाळपासनं एवढ्या जणांनी हात लावला, कुणाचं ऐकलं न्हाई. शेवटी मेंटेनन्सवाल्याच्या हाताला गुण! बसला बघा कसा निवांत इसाव्याला!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नानासाहेबांनी तर माझी पाठ थोपटली. मीही वाजवल्या टाळ्या, दुसरं काय करणार! त्यांना सांगायचंय अजून. दसरा होऊन जाऊ दे म्हणतो.