हुलग्यांची पलटण

इथल्या न्यू लिन उपनगरातल्या जगदाळेकाकांनी जेवायला बोलावलं, तर घरून थोडं खाऊनच निघा. त्यांच्या डायनिंग टेबलावर ताटाला जागा नसते, कारण तिथे वॉटर्लूची लढाई चालू असते. मसुराची डाळ म्हणजे लाल डगलेवाले ब्रिटिश, काळे उडीद म्हणजे फ्रेंच आणि खारे शेंगदाणे म्हणजे घोडदळ.

"अहो, तुमची डावी फळी उचला, मला आमटी टाकायचीय!" काकू ओट्यापासून ओरडतात.

"प्रशियन येईपर्यंत थांब!"

प्रशियन म्हणजे ब्रिटिशांच्या मदतीला येणारी फौज, अर्थात चवळी. ती अजून भिजत असते.

क्रायमियाच्या युद्धात चुकीच्या हुकमापायी घोडदळ कापलं गेलं, तो बालाक्लाव्हाचा हल्ला सांगताना तर काका तंद्रीत निम्मं घोडदळ खाऊन टाकतात. वर म्हणतात, "सेनापतींनी तरी दुसरं काय केलं?"

स्पष्टच सांगते, मला या माणसाचा संताप यायचा. साल २००३. इराकवर बॉम्ब पडत होते, मी अल्बनीच्या कॅम्पसवर पत्रकं वाटून घसा फोडत होते, आणि हे गृहस्थ साम्राज्याच्या लढाया डाळीत मांडून खेळत होते! युद्धविरोधी अर्जावर माझ्याशिवाय एक मराठी नाव नव्हतं. इथल्या मराठी मंडळींत ज्याला विचारावं तो म्हणे, "काकांनी केली तर करतो सही."

मी दोनदा काकांकडे गेले. दोन्ही वेळा, "आधी नकाशा बघ, मग घोषणा दे!" आणि पुढे दोन तास क्रायमिया.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा टेबलावर मूठभर हुलगे होते आणि चहूबाजूंनी मोहरी. कुठली लढाई, हेही मी विचारलं नाही.

"काका, लाज नाही वाटत? तिकडे खरी माणसं मरतायत!" म्हणत अर्ज टेबलावर आपटला. हुलगे उडून कार्पेटभर झाले.

आता 'नकाशा बघ' येणार, असं वाटलं. पण काका खाली वाकले. गुडघ्यांवर बसून एकेक हुलगा वेचू लागले. सोफ्याखालचा, माझ्या पिशवीखालचा.

काकू बाहेर आल्या. "ते हुलगे आम्ही कधी शिजवत नाही गं," त्या हळूच म्हणाल्या. "साताऱ्याकडची पलटण आहे ती. यांचे आजोबा तिच्यात होते. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी नेलं इराकला, कूट नावाच्या गावी. वेढा पडला, अन्न संपलं. तिथेच गेले. ना राख आली, ना पत्र."

मीही खाली बसले. शेवटचा हुलगा टीव्हीखाली सापडला. काकांनी तो डब्यात टाकला, झाकण लावलं आणि पेन मागून अर्जावर लिहिलं.

"काका, हे काय? 'रामजी जगदाळे, मुक्काम कूट'?"

"मुक्काम अजून तिथेच आहे त्यांचा."

"अहो, पण हयात माणसाचीच सही धरतात."

"माहितीये. खालच्या ओळीत माझी केलीय. ही बाद होऊ दे." काकांनी पेनाला टोपण लावलं. "बाद करायला तरी कुणीतरी ते नाव वाचेल ना?"