नानांची आळी

नाना भाकरी दाढांनी खायचे, कारण पुढचे दात त्यांनी वायरी सोलायला राखून ठेवले होते. सोलायचा चिमटा घरात होता. पण "चिमट्याला काय कळतंय, भाऊसाहेब? तांब्याला दात लागला का लगीच समजतं," असं त्यांचं शास्त्र होतं.

टेलिफोन खात्यात उभी हयात खांबावर काढून नाना निवृत्त झाले होते. मी कचेरीत कारकून म्हणून घोडेगावात बायकोसह बदलून आलो आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून खोली घेतली. त्या काळी आमच्याकडे एखाद्याच्या घरात कॉम्प्युटर असला तर लोक बघायला जात. नानांच्या घरात सहा-सात होते. सगळे पुण्याच्या जुन्या बाजारातून एसटीच्या टपावर बसून आलेले. झाकण एकालाही नव्हतं. "झाकण लावलं का मशीन गुदमारतंय," नाना म्हणायचे. एक देवघराशेजारी, एक कांद्याच्या पोत्यांवर, एक न्हाणीच्या दारात. सगळ्यांना जोडणाऱ्या वायरी जमिनीपासून वीतभर उंचीवर ताणलेल्या. नानांच्या पत्नी, म्हणजे काकू, लुगड्याचा घोळ उचलून त्या ओलांडत चहा घेऊन यायच्या.

"आमच्या घरात चालायचं न्हाई, उड्या मारायच्या," असं त्या कपबशी ठेवताना सांगायच्या.

पण खरी गंमत नानांच्या बोलण्यात. "दगडूला लई ताप हाय आज." "बायडाबाई सकाळधरनं येकाच जागी अडकून बसलीया." "कोंडाजी कुणाशीच बोलंना. पयल्यापास्नं घुम्याच त्यो." पहिल्या आठवड्यात मी बिचाऱ्या दगडूच्या औषधपाण्याची चौकशी केली, तर नानांनी कांद्याच्या पोत्यांकडे बोट दाखवलं.

मी पडलो कचेरीतला माणूस. म्हटलं, नाना, मशीनना सरळ नंबर द्या, आणि ते न्हाणीपाशी आहे ते आधी हलवा. पाणी उडतंय त्याच्यावर.

"हलवू कसं?" नाना म्हणाले. "बायडाबाईचं घर वढ्याच्या अंगालाच व्हतं."

शेवटी काकूंनीच मला सगळं सांगितलं. डिंभ्याचं धरण झालं त्यात नानांचं गाव पाण्याखाली गेलं. आळीतल्या माणसांपैकी कुणाला खाली शिरूरकडे जमीन मिळाली, कुणी मंचरला गेलं, कुणी मुंबई धरली. "ह्यांना कुणीतरी सांगितलं, कम्पुटर येकमेकांना जोडायचे तर परत्येकाला नाव द्यावं लागतं," काकू म्हणाल्या. "तवाधरनं हे असं." आळीत जशी घरं होती तशी मशीनं मांडलेली, आणि ज्याचं घर त्याचं नाव. सगळ्या वायरी मधल्या ज्या डबीत येऊन मिळत तिला दुकानदार हब म्हणत. नाना पार म्हणत.

इतके दिवस मी या माणसाची टिंगल करत होतो. त्या दिवशी मात्र हसू आलं नाही. त्या घरात बसायचीच थोडी भीती वाटली.

पडद्यावर एक चौकट उघडली की जी मशीनं जोडली गेलीत त्यांची नावं तिथे दिसत. अख्खी आळी एका वेळी त्या चौकटीत दिसावी एवढाच नानांचा ध्यास. ते काही जमत नव्हतं. कोंडाजी आला की दगडू जायचा. दगडूला आणावं तर वीज जायची. "गेली आळी पुन्यांदा पाण्यात," म्हणून नाना वायर दातात धरायचे.

या सगळ्यामागे होता खंडू. आळीतला भिंतीला भिंत लावलेला शेजारी, लहानपणापासूनचा जोडीदार, आता शिरूरकडे. नाना त्याला फोन करायचे. "खंडू, कांदा निघाला का ये राव. तुला आळी दावतो." खंडू म्हणे पलीकडून ठणकावायचा, "आदी समदी गोळा कर. निम्म्या आळीत येऊन काय करू?" दोघेही हट्टी, आणि दोघांचीही वयं झालेली. कांदा निघायचा, विकला जायचा, पुन्हा लागायचा.

आणि एका रविवारी जमलं. नानांनी भिंतीवर थाप मारून मला बोलावलं. चौकटीत सगळी नावं होती. नानांनी प्रत्येकावर बोट ठेवून पाहिलं, मग टोपी नीट केली आणि फोन लावला.

"खंडूला द्या जरा." मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. "कवा?" आणि शेवटी, "बरं."

फोन ठेवून म्हणाले, "दहावा बी झाला म्हनं. सून व्हती. आपला नंबर खंडूला पाठ व्हता, घरात दुसऱ्या कुणाला म्हाईत न्हाई."

ते उठले आणि एकेका मशीनची पिन उपटायला लागले. मी त्यांचा हात धरला. "नाना, अहो, इतक्या वर्षांनी सगळी लागलीत."

उत्तर आलं स्वयंपाकघरातून. काकूंनी अर्धा शिजलेला भात तसाच ठेवून गॅस बंद केला होता. "आळीत मयत झालं का उचलंपत्तोर कुणाच्या घरात चूल पेटत न्हाई, भाऊसाहेब."

"पण काकू, सगळं उरकून गेलं की."

"आमाला आज कळलं."

"मग जेवण?"

"दुसऱ्या आळीतनं यायचं."

मी घरी गेलो. बायकोला काही फार सांगावं लागलं नाही. तिने पिठलं टाकलं, भाकऱ्या थापल्या. ताट घेऊन आलो तेव्हा नाना भिंतीला टेकून बसले होते. घरात कसलाच आवाज नव्हता.

"आमचं ठरलं व्हतं," ते म्हणाले. "ज्यो मागं ऱ्हाईल त्यानं म्होरचा खांदा द्यायचा. त्यानं माझी वाट बघितली आसंल का वो?"

मी ताट त्यांच्यापुढे ठेवलं. काकूंनी भाकरी मोडली आणि त्यांच्या हातात दिली.