गारखेड्यातला डबल बेस

पंधरा वर्षे सुदर्शन ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवत होता, आणि पंधरा वर्षांत ही गोष्ट एकाही माणसाच्या लक्षात आली नव्हती. लग्नाच्या हॉलमध्ये लोक गायिकेकडे फर्माइशी पाठवत, ढोलकीवाल्याला शिट्ट्या मारत आणि सुदर्शनला तेवढी वायर बाजूला घ्यायला सांगत. खुद्द बायकोने, तनुजाने, एका कार्यक्रमानंतर निरागसपणे विचारले होते, "अहो, तुमचं चालू होतं ना? का नुसतंच गळ्यात अडकवून उभे होता?"

हे मात्र त्याच्या जिव्हारी लागले. आपला बेस एकदा, फक्त एकदाच, कुणाला तरी ऐकू यावा, एवढेच त्या बिचाऱ्याचे मागणे होते. शेवटी त्याने गिटार कपाटावर टाकली आणि पुण्याच्या एका म्हाताऱ्या वादकाकडून उभा डबल बेस आणला. गारखेड्यातल्या सोसायटीत टेम्पोतून उतरलेले ते धूड सुदर्शनपेक्षा वीतभर उंच आणि दुप्पट रुंद होते. लिफ्टने त्याला आत घेतले नाही. जिन्यातून तिसऱ्या मजल्यावर चढवताना दुसऱ्यावर भिंतीचे चांगले टोपलीभर प्लास्टर पडले. तिथे राहणाऱ्या आशाबाई ते सारे कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"हा काय वीणेचा आजा आणलास का रे?"

"डबल बेस आहे काकू. आता बघा, सगळ्यांना ऐकू येईल."

पण शिकायला बसल्यावर, म्हणजे उभे राहिल्यावर, त्याची घमेंड पार उतरली. गिटारवर पडदे होते. बोट इकडेतिकडे झाले तरी सूर आपली जागा सोडत नसे. इथे नुसते काळे गुळगुळीत लाकूड. सूर त्यावर कुठेतरी असतो म्हणे, ज्याचा त्याने शोधायचा! तारा तर कपडे वाळत घालावेत अशा. तिसऱ्या दिवशी बोटांना फोड आले. मोबाइलवरून शिकवणाऱ्या गोव्याच्या गुरुजींनी ते फोड पाहिले, प्रसन्न झाले आणि म्हणाले, "आता महिनाभर बोटं लावूच नका. सगळ्यात जाड तार घ्या आणि तिच्यावर नुसता गज ओढा. लांब, सावकाश."

रविवारी सकाळी सुदर्शनने वाद्याच्या तळाची लोखंडी खुंटी फरशीवर टेकवली, डोळे मिटले आणि गज ओढला.

घूंऽऽऽऽ.

सूर खुंटीतून फरशीत गेला, फरशीतून पिलरमध्ये शिरला आणि थेट तळमजल्यापर्यंत पोचला. सुदर्शनच्या अंगावर काटा आला. असा सूर त्याने जन्मात काढला नव्हता.

आता, नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात माणसे एक आवाज कधीच विसरत नाहीत. पाणी आले की ते आधी सोसायटीच्या हौदात पडते. मग चेअरमन लक्ष्मणराव, जे मोटरच्या खोलीची किल्ली आंघोळीलासुद्धा जानव्यातून काढत नाहीत, ते जाऊन बटण दाबतात आणि इमारतभर 'घूंऽऽ' घुमते. त्या आवाजाला लोक जेवत्या ताटावरून उठतात.

"पाणी आलं गं बायांनो!" आशाबाई कडाडल्या.

पाच मिनिटांत घराघरात बादल्या, घागरी, कुकर आणि एकीकडे तर मुलाचे स्केट्स ठेवायचा टबसुद्धा रिकामा करून नळाखाली लागला. नळांनी फुस्स केले. सगळी बिल्डिंग लक्ष्मणरावांच्या दारात!

"चेअरमनसाहेब, मोटर चालू अन् पाणी नाय, व्हय?" आशाबाईंनी जाब विचारला.

"अहो, मी बटणच दाबलेलं नाही!" लक्ष्मणराव म्हणाले आणि किल्ली घेऊन धावले. बटण खरोखरच बंद होते. घुमणे चालूच होते. त्यांना दरदरून घाम फुटला.

गल्लीतला इलेक्ट्रिशियन विश्वजीत आला. त्याने मोटरला कान लावून डॉक्टरसारखी मान हलवली. "आतल्या आत करंट फिरतोय काका. वाइंडिंग गेलं. टेन्शन नका घेऊ, अपुन है ना!" आणि त्याने मोटरचा सांगाडा मोकळा करून वर्तमानपत्रावर मांडला.

तेवढ्यात वर तनुजाने चहा आणला आणि सुदर्शनने गज खाली ठेवला.

"बघा, झाली ना बंद?" विश्वजीतने हात पुसले. लोकांनी त्याचे कौतुक केले. मग वरचा चहा संपला.

घूंऽऽऽऽ.

विश्वजीतच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर पडला. तुकडे झालेली मोटर घुमत होती! दोघेजण तर गेटपर्यंत पळाले. आशाबाईंनी मात्र पिलरला तळवा लावला, मान वर केली आणि दातओठ खात जिना धरला. मागून सगळी सोसायटी.

सुदर्शनने दार उघडले. समोर जिनाभर माणसे! बेस ऐकायलाच आली म्हणायची! "या ना, या! तनुजा, सतरंजी काढ गं!"

"सतरंजी घाल चुलीत!" आशाबाई म्हणाल्या. "लई झालं तुझं! आम्ही मोटर समजून मरमर मेलो!"

"उद्याच्या उद्या हे धूड सोसायटीच्या बाहेर," लक्ष्मणराव म्हणाले. "नाहीतर तू बाहेर."

सुदर्शनने बेसला दोन्ही हातांनी कवटाळले. लोकांना एकदाचा ऐकू आला होता, आणि तोही मोटर म्हणून. त्याला रडूच यायचे बाकी होते.

इतक्यात खालून विश्वजीत ओरडला, "काका! पाणी आलं! खरंखुरं!"

हौद धो धो भरत होता आणि मोटर वर्तमानपत्रावर पडली होती. तासाभरात हौद भरून पाणी गटारात जाणार. मग पुन्हा कधी, देवाला ठाऊक! आशाबाईंनी पदर खोचला. "बादल्या काढा! हातोहात वर चढवू!"

जिन्यात रांग लागली. पण काय ती रांग! वरचा माणूस हात पुढे करायच्या आत खालचा बादली सोडे, अर्धे पाणी पायऱ्यांवर, आणि लक्ष्मणराव दोनदा भिजले. सुदर्शन आपल्या दाराबाहेर जिन्याच्या तोंडाशी उभा राहून बघत होता. ठेका सुटलेला त्याला सहन होईना. फोडांची पर्वा न करता त्याने बेस बाहेर ओढला आणि बोटाने तार छेडली. धूम्… धूम्… धूम्…

जिना घुमला. हळूहळू हात जुळले. धूमला घ्यायची, धूमला द्यायची. बादल्या सरसर वर येऊ लागल्या, पिंपे भरू लागली, माणसे गप्पा मारू लागली, कुणीतरी शीळसुद्धा घातली. आणि नेहमीप्रमाणे बेसकडे कुणाचे लक्ष नव्हते. सुदर्शन मनाशी हसला. बोटातला फोड फुटला, म्हणून फुंकर घालायला तो थांबला.

धडाम्! दोन बादल्या एकमेकींवर आदळल्या, घागर गडगडत खाली गेली, विश्वजीत तिच्यापाठोपाठ, आणि तीन मजल्यांवरून एकदम हाका उठल्या.

"ए सुदर्शन! थांबलास का रं?"

"अरे वाजव, वाजव!" हा आवाज चेअरमनसाहेबांचा होता.

"अहो, वाजवा की!" ही तनुजा, दोन्ही हातांत बादली धरून.

सुदर्शनने डोळे पुसले. "थांबा जरा," तो खाली वाकून म्हणाला, "तार उतरली वाटतं."

तार मुळीच उतरली नव्हती. त्याला फक्त त्या हाका आणखी एकदा ऐकायच्या होत्या.