चुकांची वही

नवघरच्या त्या तिसऱ्या मजल्यावर ऊन सरळ कधी येत नसे. समोरच्या इमारतीच्या काचांवर आपटून, जरा फिके पडून, ते खिडकीच्या गजांतून आत शिरे. आधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी रेंगाळे, मग फरशीवरून सरकत टेबलाच्या पायाशी थांबे आणि साडेआठच्या सुमारास आखलेल्या पाटावर चढून एकेक चौकोन उजळत बसे. कौस्तुभ ते रोज पाहायचा. आज मात्र त्याने उठून पडदा ओढला.

वहीत तशी नोंदच होती. गो हा पाटावर जागा वेढण्याचा खेळ. त्याच्या घरी काळ्या सोंगट्या म्हणजे चिंचोके, पांढऱ्या म्हणजे वाल. शेजारच्या नीलमला तो त्यानेच शिकवला होता, आणि गेले सात रविवार तोच हरत होता. चुका कमी केल्या की खेळ सुधारतो, म्हणून त्याने वही सुरू केली: डावीकडे चूक, उजवीकडे कारण. ‘कोपरा गेला – डोळ्यांवर ऊन.’ ‘पाच वाल अडकले – दाराची बेल.’ ‘घाई झाली – कुकरची शिट्टी.’ आज जिंकेल त्याने सोसायटीच्या मुलांचा सुट्टीतला गोचा वर्ग घ्यायचा, असे ठरले होते. चारचौघांत बोलायला कौस्तुभला निमित्त लागे, आणि हे निमित्त त्याला फार हवे होते.

त्याने बेलची वायर काढली, फोन बंद केला.

“आई, आज कुकर लावू नकोस.”

“मग जेवायला काय, तुझी वही वाढू?” मनोरमाबाई म्हणाल्या. “जाऊ दे, उद्याच्या बिरड्याची तयारी तरी करते.”

तासाभराने नीलमच्या आवाजाने दार दणाणले.

“कधीपासून बेल दाबतेय! फोन पण बंद. शेवटी काकूंना फोन केला.”

कौस्तुभने दार उघडले आणि मग पाटाकडे पाहिले.

“आई, इथले वाल कुठायत?”

“कोमट पाण्यात. अंधारात मला काय दिसतंय, खेळातले की खायचे!”

वाल सुरकुतून फुगले होते. तेच पुसून मांडले.

“गुरुजी, तुमची फौज आजारी दिसतेय,” नीलम म्हणाली.

घर निःशब्द होते. ऊन नाही, बेल नाही, शिट्टी नाही. प्रत्येक खेळीआधी कौस्तुभ दहापर्यंत मोजत होता. इतक्या शांतपणे तो कधी खेळला नव्हता, आणि इतक्या लवकर कधी हरलाही नव्हता.

नीलमने वही ओढून चाळली. “यात तुझी एकपण चूक नाही रे. सगळ्या उन्हाच्या, नाहीतर काकूंच्या.” मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ती हळूच म्हणाली, “वाल ओले होते. हा डाव नको धरूया. वर्ग तूच घे.”

त्याने पडदा सारला. ऊन पाटावर आले. ओल्या वालांवर चमकले. वही घेऊन त्याने डावीकडे ‘सगळा डाव गेला’ असे लिहिले. उजवीकडे ‘वाल ओ’ इतके लिहून पेन थांबले. ते खोडून त्याने सावकाश अक्षरात लिहिले:

‘नीलम माझ्यापेक्षा चांगली खेळते.’