टाकीवरची रेंज

बिरूनं ठरवलं ते एवढंच, की पाण्याच्या टाकीवर चढायचं आणि लेकीचं तोंड बघून खाली यायचं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बायको सत्यशीला लासूर स्टेशनला. लेक होऊन नऊ दिवस झाले होते. "बारशाआधी बापानं तिकडं फिरकायचं नाय," ही त्याच्या आईची, राजाबाईची ताकीद. व्हिडिओ कॉलबद्दल मात्र रीत काही बोलत नव्हती. (बिरूनं आईला विचारलंही नव्हतं.) अडचण एकच. चिकलठाण्याला राहणाऱ्या भावाच्या जिन्यातसुद्धा चार कांड्या रेंज. खुलताबादच्या डोंगरावरल्या या वस्तीत ती फक्त टाकीवर यायची, तीही मर्जी असली तर.

बिरू वर फोन उंच धरून उभा राहिला. खाली शेरडं हाकणाऱ्या साळूबाईनं ते पाहिलं आणि बोंब ठोकली, "आंदोलन! बिऱ्या टाकीवर चढला!"

टाकीवर माणूस चढतो तो मागणी घेऊनच, हे सगळ्यांना ठाऊक. दहा मिनिटांत वस्ती गोळा. सरपंच राजेंद्र मोबाईलवर शूटिंग करत सगळ्यांच्या पुढं.

"मागणी बोल, बिरू!"

"काय नाय, सरपंच. चालू द्या तुमचं."

"लाजू नको! रस्ता म्हण, रस्ता!" गर्दीतून कुणीतरी सुचवलं.

बिरू (लग्नात उखाणा घेतानाही घामानं भिजलेला) घसा खाकरून म्हणाला, "लेकीचं तोंड बघायचंय. खाली रेंज नाय."

साळूबाई हळूच म्हणाली, "माझा शिवम दोन साल झालं पुण्याला हाय. वर हाइस तवर त्याला बी बघून घे रं."

सरपंचानं विचारलं, "टॉवरसाठी अर्ज केला का?"

"नाय."

"ऑनलाईन करावा लागतो."

"कुठून?"

सरपंचानं इकडंतिकडं पाहिलं. "टाकीवरून."

तेवढ्यात फोन वाजला. सत्यशीला! पडद्यावर गुलाबी दुपट्याचं टोक दिसलं... आणि मागून गुपचूप चढलेल्या दोघा गड्यांनी "जीव देऊ नको, दोस्ता!" म्हणत बिरूला कवटाळून शिडीवर ओढलं. दोन पायऱ्या खाली, आणि रेंज गेली. बिरूला रडू फुटलं, ते सरपंचाच्या शूटिंगमध्ये नेमकं सापडलं. संध्याकाळी शिडीला कुलूप लागलं, आणि सरपंचानं खुलताबादला जाऊन तो व्हिडिओ जिल्हाभर पाठवला.

बाराव्या दिवशी नवा सदरा घालून बिरू लासूरला पोचला. पाळण्यावर वाकला. लेक टक लावून बघत राहिली.

"वळखलं वाटतं मला," तो हरखून म्हणाला.

"वळखंल नाय तर काय," सत्यशीला म्हणाली. "तीन दिवस झालं, रडाया लागली की तुमचा व्हिडिओच लावतो. तुम्ही रडताना दिसले की लगेच गप होती."