कातडीचे जागले

कुणाला खरचटलं की वायाळ सरांचा चेहरा खुलायचा. जाफराबादला ते आमचे शेजारी. कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मी तिथल्या शाळेवर नवी नवी बाई. पहिल्याच आठवड्यात विळीवर बोट कापलं, म्हणून चिंधी मागायला त्यांच्या दारात गेले, तर म्हणाले, "वा, मॅडम! आता जागल्या उठला बघा."

जागल्या म्हणजे गावाची राखण करणारा. सरांच्या मते तो प्रत्येकाच्या कातडीत असतो. कातडी स्वतःच प्रथिनांचे बारके तुकडे तयार करते, त्यांना पेप्टाइड म्हणतात. "जंतू दिसला की हा त्याला भोकं पाडतो. पण तेवढ्यावर भागत न्हाई. मंग हाळी देतो, पांढऱ्या पेशी पळत येतात. अन् काम झालं की त्यांना म्हणतो, बास, घरी जा. बराबर का न्हाई?"

"बराबर" म्हटल्याशिवाय ते पुढे सरकत नसत आणि चिंधीही देत नसत. माझ्या बोटातून रक्त गळतच होतं.

भोकरदनच्या जीपमध्ये कुणाच्या मानेवर गळू दिसलं की सरांचा तास सुरू. चालत्या जीपमधून कुणाला उतरता येत नाही, त्यामुळे इतका शिस्तीचा वर्ग त्यांना कॉलेजातही मिळाला नसेल. न्हाव्याला म्हणायचे, "साबण कमी लाव रे, जागल्याला धुऊन काढशील." न्हावी मुद्दाम दुप्पट फेस करायचा, म्हणजे सरांना तोंड उघडता येऊ नये.

आता मी जालन्याला राहते. ती गल्ली आठवली की आधी सरांचा आवाजच कानात येतो, आणि चुकल्याचुकल्यासारखं होतं.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, बोलायला कमी. भर मे महिन्यातही पदर मनगटापर्यंत ओढलेला. हातांवर, कोपरांवर लाल चट्टे आणि त्यांवर पांढरा कोंडा. सोरायसिस. गल्लीतल्या बायका त्यांच्याकडचा चहा "आत्ताच झाला" म्हणून टाळायच्या. हळदीकुंकवाला काकूंनी बोट पुढं केलं की, "राहू द्या काकू, घाईत हाय. घरी जाऊन लावते." शेवटी काकूंनी हळदीकुंकू करणंच सोडलं.

हे कळल्यावर सरांच्या व्याख्यानाचा शेवट मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. जीप असो की न्हाव्याचं दुकान, शेवट तोच असायचा. "काहींच्या अंगात चोर नसतानाच हा ओरडतो. आपल्याच मेलेल्या पेशींचा कचरा धरून चोर, चोर करून राह्यला, अन् सगळं गाव उठून आपल्याच घरावर दगडं मारून राह्यलं. हे लागट न्हाई, दुसऱ्याला होत न्हाई. बिलकुल न्हाई!" इथं त्यांचा आवाज चढायचा. गावभर माणसं पकडून हा माणूस एकट्या काकूंची बाजू मांडत होता, आणि आम्ही सगळे त्याला हसत होतो.

एका संक्रांतीला सर सकाळीच दारात आले. अंगात इस्त्रीचा सदरा.

"मॅडम, तिनं आज ताट मांडलंय. लई वर्सांनी." मग घुटमळले. "समजावत काहीच न्हाई मी. नुसतं या, अन् तिच्या हातानं कुंकू लावून घ्या."

मी गेले. काकूंनी करंडा उघडला, बोट कुंकवात टेकवलं आणि थांबल्या. मी मागं सरकते का, ते पाहत होत्या. मी कपाळ पुढं केलं. त्यांचं बोट टेकलं. त्यांनी ते लगेच उचललं नाही.

"लई दिवसांनी कुणाचं कपाळ लागलं हाताला," त्या म्हणाल्या.

सर आतल्या दारात तिळगुळाची वाटी घेऊन उभे होते. वाटी तशीच हातात धरून परसात निघून गेले, आणि मी घरी जाईपर्यंत आत आले नाहीत.